सहीच्या रकान्यात मी नाही

२ मार्च

पाय काढावा लागणार.

गुडघ्याच्या वर. सर्जननी स्वतःच्या मांडीवर आडवा हात ठेवून दाखवलं — इथून. शिंपी पँटची उंची दाखवतो तसं. तीन वेळा सलाइनमधून औषधं झाली. केस गेले, वजन गेलं, गाठ आकसली. पण हाडातली ती गाठ मोठ्या रक्तवाहिनीला आणि नसेला विळखा घालून बसलीय. सोडवता येत नाही. "फुप्फुसं आज स्वच्छ आहेत," ते म्हणाले. 'आज'वर जोर दिला. तीन आठवड्यांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं.

खारू माझ्या शेजारीच होती. सोळा वर्षांची पोर. मला वाटलं आता फुटेल. तिने विचारलं, "पाय काढला तर मी वाचेन?"

"शंभर टक्के कोणीच सांगणार नाही. पण शक्यता चांगली आहे."

"आणि नाही काढला तर?"

त्यांनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"मग काढा," ती म्हणाली. जसा काही दात काढायचाय!

बाहेर बाकावर बसल्यावर मात्र माझं मनगट असं आवळून धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. अजून वळ आहे.

मी फॉर्मसाठी हात पुढे केला. खिडकीतल्या सिस्टरने विचारलं, "तुम्ही आई?"

मावशी.

"मग वडिलांना पाठवा."

३ मार्च

ताई गेली तेव्हा खारू सहा वर्षांची होती. घास गालात साठवून तासभर फिरायची, म्हणून खारू. भाऊजी लिफ्ट बसवतात, दुरुस्त करतात. आज या शहरात, उद्या त्या. पोरीला कुठे कुठे नेणार? ती माझ्याकडे राहिली. तात्पुरती! दहा वर्षं झाली तात्पुरतीला.

गोवर माझ्याकडे, पडके दात माझ्याकडे, गणितात नापास झाली ते रडणं माझ्याकडे. भाऊजी एक रविवार आड यायचे, दोन हातांत मावणार नाही एवढं सामान घेऊन. माणूस भला आहे. हे आजच लिहून ठेवते. पुढे माझ्या हातून लिहिलं जाईल की नाही सांगता येत नाही.

कारण आज त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी सही करणार नाही."

४ मार्च

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोलणं झालं. खारू आत झोपली होती — निदान डोळे मिटून होती.

मी सगळं परत समजावलं. रक्तवाहिनी, नस, तीन आठवडे. ते ऐकत होते पण माझ्याकडे बघत नव्हते. ओट्यावरचा एक डाग नखाने खरवडत होते.

"एकदा केली होती मी सही," ते म्हणाले.

मला कळलं. ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन. साधं. तासाभराचं. संध्याकाळी पाणी प्यायला देऊ म्हणाले होते. भूल दिली ती दिलीच. ताई उठली नाही.

"ती भीत होती. नको म्हणत होती. मीच म्हणालो, काय वेडी आहेस का, काही होत नाही. सही केली आणि तिला आत ढकलली."

दहा वर्षांत हे कधी बोलले नव्हते. तिथे थांबायला हवं होतं मी. जवळ जायला हवं होतं. पण माझी जीभ!

"मग आता सही न करून हिला मारणार का?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. बूट न बांधताच जिना उतरून गेले.

६ मार्च

दुकानात आज एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. वीस वर्षांत पहिल्यांदा. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "बाई, तुमच्या पायऱ्या कालपर्यंत सरळ होत्या." मालक हसले. मी मागे काचा घासायच्या मशीनपाशी जाऊन रडले. मशीनचा आवाज मोठा आहे, बरं असतं.

दुपारी खारूला घेऊन परत सर्जनकडे. तीच बोलली. "पाय माझा. सही मी करते. द्या फॉर्म."

"तुझं म्हणणं मी ऐकतोय. कागदावर लिहूनही घेतो. पण कायद्याने तुझ्या सहीला अठरा पूर्ण झाल्याशिवाय किंमत नाही. पालकाची लागते."

"मग मला विचारलंत कशाला?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. डाव्या काडीचा स्क्रू ढिला आहे. असल्या वेळी मला हे कसं दिसतं!

मी म्हणाले, दहा वर्षं मी सांभाळलीय. शाळेत विचारा. शेजारी विचारा.

"मला माहीत आहे हो," ते म्हणाले. "पण कागदावर तुम्ही तिच्या कोणी नाही."

७ मार्च

कोणी नाही.

९ मार्च

भाऊजी फोन उचलत नाहीत. चौदा दिवस उरले.

एक गोष्ट केली. लिहू की नको? या वहीत नाही लिहायची तर कुठे?

त्यांची सही मला येते. प्रगतिपुस्तकं, सहलीची परवानगी, उशिरा आल्याची चिठ्ठी — सगळीकडे पालकांची सही लागायची आणि पालक कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर मोटर उघडून बसलेले असायचे. मग मी करायची. पहिलं अक्षर मोठं, मधली सगळी एकात एक गुंतलेली, शेवटी डावीकडे वळणारी शेपटी. फोनवर विचारायचे, "झाली का माझी सही?" आम्ही हसायचो.

आज दवाखान्याच्या फॉर्मवर केली. "वडील उद्या गावाला जाणार आहेत, घरी जाऊन घेऊन आले," असं सांगितलं. सिस्टरने शिक्का मारला.

हात अजिबात कापला नाही. त्याचीच भीती वाटतेय.

१० मार्च

पकडली गेले.

ऑपरेशनची तारीख कळवायला त्यांनी भाऊजींना फोन केला. नियमच आहे म्हणे. भाऊजी म्हणाले, "मी कुठे सही केली?"

सर्जननी दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. "मी पोलिसांत कळवू शकतो. कळवणार नाही. पण उद्या मी तुमच्या बाजूने कुठे बोलायला उभा राहिलो, तर पहिला प्रश्न हाच येईल. कळतंय का तुम्ही काय केलंत?"

कळतंय.

खारूला सांगावं लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शेपटी नीट काढली होतीस ना?" मग हसली, आणि हसता हसता उलटी झाली.

१२ मार्च

घरी आले तर खारू नाही. काठ्या नाहीत. औषधांचा डबा नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "तिचे वडील घेऊन गेले की. पोरगी 'माऊला सांगून जाऊ' म्हणत होती, म्हणजे तुम्हाला. ते म्हणाले, मी बाप आहे, मला कोणाला विचारायचं नाही."

बरोबरच आहे. त्यांना कोणाला विचारायचं नाही.

१३ मार्च

दोघांचेही फोन बंद.

१४ मार्च

चौकीत गेले. हवालदाराने वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "कोणी नेलंय?"

"वडिलांनी."

टोपण परत लावलं. "वडिलांनीच नेलंय ना? मग पळवलं कसं म्हणता? आणि तुम्ही कोण?"

हा प्रश्न आता मला तोंडपाठ झालाय. उत्तर तेवढं येत नाही.

१५ मार्च

खारूचा फोन! कुठल्या तरी बाईच्या मोबाइलवरून, दबक्या आवाजात.

दूर एका खेड्यात एक माणूस आहे. झाडपाल्याचे लेप लावतो. गाठी विरघळतात म्हणे. भाऊजींना कामावरच्या कोणी तरी सांगितलं. तो रोज गरम लेप मांडीवर आवळून बांधतो. कातडी सोलवटलीय. आज तिला ताप आहे.

"माऊ, मला घेऊन जा."

"पत्ता सांग, आत्ता निघते."

"पण बाबांना ओरडू नकोस. ते माझ्या पायाशी बसून असतात. जेवत नाहीत. लेपवाला बाहेर गेला की त्या पायाशी बोलतात."

"पायाशी?"

"हो. 'बरा हो रे,' म्हणतात."

पत्ता सांगायच्या आत फोन कट झाला. परत लावला, उचलला नाही. देवा, या माणसाचा राग तरी धड करू दे मला!

१६ मार्च

दवाखान्यातल्या समाजसेविकेने मला आज हाताला धरून वकीलबाईंकडे नेलं. वकीलबाई आमच्याच दुकानाच्या गिऱ्हाईक निघाल्या. माझ्याआधी त्यांनी मी घासलेल्या काचा ओळखल्या म्हणायचं! बोलतात फटाफट.

"तुम्हाला पोर मागायची नाही. ताबा मागितलात तर वर्षं जातील. आपण एवढंच मागू — या एका ऑपरेशनपुरता सहीचा अधिकार. मुलीच्या जिवाला धोका आहे, पालक नकार देतायत, मुलगी स्वतः तयार आहे. न्यायाधीशांनी तिला विचारावं. बस."

मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "काही लपवलंय का माझ्यापासून?"

सहीचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "आपणच आधी सांगू. त्यांनी काढलं तर मेलो."

सात दिवस.

१८ मार्च

कोर्टाने मुलीला परवा हजर करायला सांगितलंय. खारूने ज्या नंबरवरून फोन केला त्यावरून गाव शोधून तोच हवालदार आदेश घेऊन खेड्यात गेला. आज माझ्याशी अदबीने बोलला. माणूस तोच, मीही तीच. हातात फक्त एक कागद जास्त.

२० मार्च

सगळं आठवेल तसं लिहिते.

खारूला आधी दवाखान्यात नेली. मांडीवर भाजल्याचे फोड. ताप उतरलाय. छातीचा फोटो परत काढला — स्वच्छ! सर्जन स्वतः येऊन सांगून गेले.

मग कोर्ट. मला वाटलं होतं मोठी खोली असेल, उंच काही तरी. साधी खोली, पंखा हलतोय, भिंतीला पोपडे. भाऊजी दुसऱ्या टोकाला एकटेच. वकील केला नव्हता. दाढी वाढलेली, तोच शर्ट. माझ्याकडे पाहिलं नाही.

वकीलबाईंनी खोट्या सहीचं आधीच सांगून टाकलं. न्यायाधीशांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. मग भाऊजींना विचारलं, "यांनी तुमची खोटी सही केली. तुमचं काय म्हणणं आहे?"

भाऊजी उठले. म्हणाले, "खोटी कशी म्हणू साहेब? दहा वर्षं शाळेत हीच चालली. मी कुठे होतो तिथे?"

टाइप करणारा माणूस थांबला.

"मग या ऑपरेशनलाही त्यांची सही चालेल?"

"माझी मिळणार नाही. मला जमणार नाही, साहेब. तुम्ही हुकूम केलात तर मी आडवा पडणार नाही. पण माझा हात लागणार नाही."

मग खारूला न्यायाधीशांनी आतल्या खोलीत एकटीला बोलावलं. मीही नको, तिचे बाबाही नकोत, वकील नको. वीस मिनिटं. आम्ही दोघं बाहेर एकाच बाकावर, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी प्यायले आणि परत सरकवली.

आत काय झालं ते तिने रिक्षात सांगितलं.

ते म्हणाले, तुला कोणी शिकवून पाठवलंय का? ती म्हणाली, हो, डॉक्टरांनी — फोटोत गाठ कशी बघायची ते. ते म्हणाले, पाय गेल्यावर काय करशील, विचार केलायस? ती म्हणाली, रोज करते. जिन्याचा करते, बाथरूमचा करते, शाळेतल्या मुलांचा करते. सगळ्यात वाईट बाथरूमचा वाटतो. तरी जगायचंय.

मग त्यांनी विचारलं, वडिलांच्या विरुद्ध जाताना काय वाटतं?

"मी म्हटलं, मी त्यांच्या विरुद्ध नाहीच. ते घाबरलेत. घाबरलेल्या माणसाकडे सही मागत बसू नये, म्हणून तुमच्याकडे आले."

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. भाडं सांगताना त्याचा आवाज बदलला होता.

२१ मार्च

मिळाला! आदेश मिळाला. दीड पान. 'फक्त या शस्त्रक्रियेपुरता' हे शब्द दोनदा आहेत. वकीलबाईंनी मला पेढे-बिढे काही वाटू दिलं नाही. "अजून पाय आहे तिचा," म्हणाल्या. "आनंद कसला करताय?"

खरंच की.

२३ मार्च

फॉर्म समोर आला आणि मला सही करता येईना.

तीच सिस्टर. तीच खिडकी. रकान्यात आता माझं नाव छापलेलं. यासाठी तीन आठवडे कुठे कुठे कपाळ आपटलं! आणि पेन कागदाला टेकेना. नवव्या तारखेला नुसती सही ठोकली होती, वाचलं काय होतं? आज वाचलं. रक्तस्राव. जंतुसंसर्ग. आणि खाली बारीक अक्षरांत — भूल देताना क्वचित मृत्यू.

क्वचित. ताई क्वचितमध्ये होती.

उद्या ही उठली नाही तर? मग मीच ढकललेली असेन. मग दहा वर्षं मी ओट्यावरचे डाग खरवडत बसेन. भाऊजींना मी काय काय बोलले! खुर्चीवर बसून राहिले. सिस्टर दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "ताई, ऑपरेशनची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल हं."

खारू चाकांच्या खुर्चीत होती. किती वेळ माझ्याकडे बघत होती देव जाणे.

"आधी मला दे," ती म्हणाली.

पेन घेतलं. माझ्या रकान्याच्या वरती, कोऱ्या जागेत, पूर्ण नाव लिहिलं. शाळेत लिहिते तसं, रेघ ओढून.

"तिथे चालत नाही गं बाळा," सिस्टर म्हणाली.

"माहीत आहे. असू दे."

त्याच्या खाली मी केली. भाऊजींची सही दहा वर्षं न अडखळता केली, आणि माझी स्वतःची अशी वाकडी आली की सिस्टरने विचारलं, "हीच ना तुमची?"

२४ मार्च

आठला नेली. दारातून हात केला.

साडेनऊ. काही नाही.

अकरा. चष्म्याच्या काड्या किती जणांच्या वाकड्या आहेत ते मोजतेय. इथे बसलेल्यांपैकी सात.

बारा वाजून दहा. लाल दिवा तसाच. एक डॉक्टर बाहेर आला, मी उठले. दुसऱ्या कोणाचा तरी होता.

दुपारी

उठली.

डोळे उघडले, "पाणी" म्हणाली. पाणी!

बाहेर येऊन भाऊजींना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मागे कसली तरी मोटर घुमत होती.

मी म्हणाले, "उठली."

"कोण?"

"खारू. खारू उठली."

मागची मोटर बंद झाली. मग म्हणाले, "परत सांगा."

मी परत सांगितलं. किती वेळा सांगितलं ते आठवत नाही.

२६ मार्च

नसलेल्या पावलाला खाज सुटते म्हणून रडते. काय खाजवू? चादर खाजवते. आज मला म्हणाली, बाहेर जा. गेले.

२९ मार्च

भाऊजी रोज येतात. वॉर्डच्या आत येत नाहीत. लिफ्टपाशी उभे राहतात आणि जाताना सिस्टरकडे फळं देऊन जातात. आज खारू चाकांच्या खुर्चीत बसून स्वतःच बाहेर गेली. मी दारातून पाहिलं. त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली. मग खालीच बसले, फरशीवर, भर वाटेत. लोक बाजूने जात होते. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता.

मी जवळ गेले नाही.

७ एप्रिल

घरी सोडलं. माझा दीड पानी आदेश आता संपला. मी परत कोणी नाही. गेल्या आठवड्यात घासून घासून आमच्या न्हाणीघराची फरशी खरखरीत करून घेतली, आधाराचा दांडा बसवून घेतला. खारू म्हणाली, "माऊ, मी बाबांकडे राहणार."

पुढच्या औषधांचा फॉर्म तिच्या मांडीवर होता. दहा दिवसांत सही हवी. भाऊजी काल पेन हातात धरून बसले आणि तसेच उठले. मी म्हणाले, अगं वेडे, परत कोर्ट, परत सगळं...

"नाही लागणार. बाबाच करतील सही. मला फक्त त्यांच्यासमोर रोज सकाळी उठायचंय."